बादलीभर पाणी आणि निक्सन यांचे पाच सेकंद

सोमवार, १६ सप्टेंबर १९६८ची रात्र. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर 'रोवन अँड मार्टिन्स लाफ-इन' या कार्यक्रमाचं दुसरं पर्व सुरू झालं होतं. रंगांचा आणि चुटक्यांचा नुसता भडिमार. एक विनोद कळेपर्यंत दुसरा संपलेला, एक चेहरा ओळखू येईपर्यंत तिसरा पडद्यावर. या धांदलीत मध्येच एक चेहरा येतो. गडद सूट, टाय, चापून बसवलेले केस. रिपब्लिकन पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार रिचर्ड निक्सन. ते चार शब्द बोलतात, 'सॉक इट टू... मी?', आणि दृश्य बदलतं.

ही चित्रफीत मी अनेकदा पाहिली आहे, एकदा तर घड्याळ लावून. जेमतेम पाच सेकंद. शेवटच्या शब्दाआधी किंचित थांबा आहे आणि त्या शब्दावर आवाज वर चढतो. वाक्याचा प्रश्न होतो. 'मला? मला हाणणार?' असं काहीसं. बाकी काही नाही. टाळ्यांची वाट पाहणं नाही, हसणं नाही, मत मागणं तर नाहीच.

निवडणुकीत उभ्या असलेल्या माणसानं करमणुकीच्या कार्यक्रमात जावं का, आणि गेला तर तिथे नेमकं काय घडतं, हा प्रश्न समजून घ्यायला मला याच्याइतकं स्वच्छ प्रकरण दुसरं सापडलेलं नाही. सगळं इतकं छोटं आहे की प्रत्येक तुकडा हातात घेऊन पाहता येतो.

त्या वाक्याबरोबर पाणी यायचं

आधी त्या चार शब्दांचा कार्यक्रमातला अर्थ. 'लाफ-इन' जानेवारी १९६८मध्ये सुरू झाला आणि काही महिन्यांत घराघरात पोचला. त्यात ज्युडी कार्न ही अभिनेत्री होती. काहीतरी युक्ती करून तिच्या तोंडून 'सॉक इट टू मी' वदवून घ्यायचं आणि ती बोलली रे बोलली की तिच्या अंगावर बादलीभर पाणी ओतायचं, नाहीतर पायाखालची फळी सरकून तिनं खाली गडप व्हायचं. दर आठवड्याला हेच. प्रेक्षकाला पुढे काय होणार ते पक्कं माहीत असायचं आणि तेच बघायला तो बसलेला असायचा. आपल्या तमाशातल्या बतावणीत पुढचा टोला ठाऊक असूनही लोक त्याची वाट बघतात, तसं.

म्हणजे हे वाक्य बोलणं हा एक व्यवहार होता. बोलणाऱ्यानं शब्द द्यायचे आणि बदल्यात अंग भिजवून घ्यायचं. विनोद त्या भिजण्यात होता.

निक्सन यांनी वाक्य घेतलं. पाणी पडलं नाही.

या प्रकरणाबद्दल मला जे सांगायचं आहे ते या एका गोष्टीत आहे. उमेदवार करमणुकीच्या मंचावर गेला की लोक म्हणतात, बघा, किती खिलाडू आहे, स्वतःवर हसून घेतो. पण हसून घेण्याची किंमत असते. ती किंमत मोजली गेली का, हे तपासायला हवं. पाच सेकंदांच्या त्या तुकड्यात खिलाडूपणाचं श्रेय निक्सन यांच्या पदरात पडलं आणि अंगावर थेंबसुद्धा उडाला नाही.

हा माणूस तिथे आला कसा

टीव्हीनं निक्सन यांना एकदा मोठा फटका दिला होता. २६ सप्टेंबर १९६०ला शिकागोत राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीतले प्रतिस्पर्धी जॉन केनेडी यांच्याबरोबर पहिली वादसभा झाली. सुमारे सात कोटी लोकांनी ती पाहिली. गुडघ्याच्या संसर्गामुळे निक्सन नुकतेच रुग्णालयात राहून आले होते, वजन उतरलं होतं. दाढीची काळसर छटा लपवायला त्यांनी 'लेझी शेव्ह' नावाची पावडर लावली होती. दिव्यांच्या उष्णतेत घाम आला आणि कॅमेऱ्यानं तो टिपला. रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन सरस वाटले, अशी एक गोष्ट तेव्हापासून सांगितली जाते. तिचा पुरावा तुटपुंजा आहे, म्हणून मी तिच्यावर भर देणार नाही. निक्सन यांनी स्वतः काय धडा घेतला, ते मात्र पुढच्या आठ वर्षांत दिसतं.

१९६०ला राष्ट्राध्यक्षपद थोडक्यात हुकलं. १९६२ला कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाची निवडणूकही हरले. दुसऱ्या दिवशी पत्रकारांसमोर ते कडवटपणे म्हणाले, यापुढे तुम्हाला लाथाडायला निक्सन मिळणार नाही. राजकारणातून हा माणूस संपला, असं सगळ्यांनी धरलं. आणि मार्च १९६३मध्ये हेच निक्सन जॅक पार यांच्या रात्रीच्या कार्यक्रमात पियानोवर बसून स्वतः रचलेली धून वाजवताना दिसले. राष्ट्राध्यक्ष ट्रुमननंतर आणखी एक पियानोवाला व्हाइट हाउसमध्ये रिपब्लिकनांना नको आहे, असा विनोदही त्यांनी केला. वार्ताहरांच्या प्रश्नांपुढे आखडणारा माणूस पियानोपुढे सैल झाला होता.

पार यांच्यासाठी लिहिणाऱ्यांत पॉल कीज नावाचे एक लेखक होते. निक्सन यांचे मित्र. भाषणांसाठी त्यांना विनोद पुरवायचे. १९६८ साली हेच कीज 'लाफ-इन'चे प्रमुख लेखक होते.

या प्रकरणातला हा दुवा फार कमी वेळा सांगितला जातो आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उमेदवार आणि कार्यक्रम यांच्यात दाराशी उभा असलेला एक माणूस होता, तो दोन्ही बाजूंचा होता. विनोद कोणी लिहिला, तो उमेदवाराला झेपेल इतका कोणी कापला, पाणी नको हे कोणी ठरवलं, हे प्रेक्षकाला पडद्यावर दिसत नाही. बातमीदार उमेदवाराचा मित्र निघाला तर आपण त्याला जाब विचारतो. विनोद लिहिणारा मित्र निघाला तर आपल्याला ते विचारायचंही सुचत नाही.

चित्रीकरण सोपं गेलं नाही. निक्सन यांच्या सल्लागारांना हे पटत नव्हतं. निर्माते जॉर्ज श्लॅटर यांनी पुढे अनेकदा सांगितलेल्या आठवणीनुसार सहाएक वेळा घ्यावं लागलं, कारण निक्सन यांच्या तोंडून ते वाक्य रागावल्यासारखं येत होतं. 'हाण मला!' असं आव्हान दिल्यासारखं. शेवटी प्रश्नार्थक घेतलं ते जमलं. ही बारीकशी गोष्ट पुन्हा वाचून बघा. रागीट वाटणारे पाच तुकडे कापून टाकले गेले आणि उरला तो मिश्कील सहावा. मतदारानं पाहिला तो फक्त सहावा.

दुसऱ्या उमेदवारानं नाही म्हटलं

ते वर्षच भयानक होतं. ३१ मार्चला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी आपण पुन्हा उभे राहणार नाही असं जाहीर केलं. ४ एप्रिलला मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गोळीला बळी पडले. ऑगस्टच्या अखेरीस शिकागोत डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं, तेव्हा बाहेर रस्त्यावर पोलीस निदर्शकांना बडवत होते आणि ते चित्र टीव्हीवर घराघरात जात होतं. व्हिएतनाममधून शवपेट्या येतच होत्या. त्या अधिवेशनातून उमेदवारी घेऊन बाहेर पडले ते उपराष्ट्राध्यक्ष ह्यूबर्ट हम्फ्री. युद्ध जॉन्सन यांचं, पण ओझं त्यांच्या पाठीवर.

'लाफ-इन'नं हम्फ्री यांनाही बोलावलं होतं. श्लॅटर यांच्या मनात जोडी होती. निक्सन म्हणणार 'मला हाणणार?' आणि हम्फ्री म्हणणार, 'मी हाणतो तुला, डिक!' (डिक म्हणजे रिचर्ड.) हम्फ्री यांच्या माणसांनी नकार दिला. पदाला शोभणार नाही, असं त्यांना वाटलं.

यातली उलटापालट बघण्यासारखी आहे. हम्फ्री हे मुळात हसरे, बोलघेवडे, माणसांत रमणारे. 'हॅपी वॉरिअर' अशीच त्यांची ओळख. एप्रिलच्या शेवटी उमेदवारी जाहीर करताना त्यांनी 'आनंदाचं राजकारण' हा शब्दप्रयोग केला होता. किंग यांच्या खुनाला महिनाही झाला नव्हता, त्यामुळे तो शब्द त्यांना फार महागात पडला. सप्टेंबरमध्ये विनोदी कार्यक्रमाला नाही म्हणताना हा चटका त्यांच्या लोकांच्या मनात असणार, असं मला वाटतं. जो माणूस मुळातच हसरा होता त्याला हसणं परवडत नव्हतं, आणि ज्याला हसता येत नव्हतं त्याला सहा प्रयत्नांत हसतमुख करून दाखवता आलं.

तिसरे होते अलाबामाचे माजी गव्हर्नर जॉर्ज वॉलेस. वंशभेदाचं उघड राजकारण करणारे, वेगळा पक्ष काढून उतरलेले. त्यांना अखेरीस साडेतेरा टक्के मतं पडली.

कायद्याच्या दोन पेट्या

अमेरिकेत १९३४च्या दळणवळण कायद्यात ३१५ क्रमांकाचं कलम आहे. एखाद्या केंद्रानं एका उमेदवाराला पडदा वापरू दिला तर त्याच पदासाठी उभ्या असलेल्या इतरांनाही तितकीच संधी द्यायची. त्यांनी ती सात दिवसांत मागायला हवी, एवढीच अट.

१९५९ला यात एक मजेशीर पण गंभीर वळण आलं. शिकागोच्या महापौरपदासाठी लार डॅली नावाचे गृहस्थ उभे होते. सतत निवडणूक लढवणारे आणि 'अंकल सॅम'च्या झब्ब्याटोपीत फिरणारे. बातम्यांमध्ये विद्यमान महापौर दिसले म्हणून डॅली यांनीही वेळ मागितली आणि दळणवळण आयोगानं ती मान्य केली. वाहिन्या हादरल्या. मग काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, त्याच वर्षी दुरुस्ती करून बातम्या, बातम्यांतल्या मुलाखती, माहितीपट आणि घटनास्थळावरचं वार्तांकन यांना सूट दिली. करमणुकीला सूट मिळाली नाही.

म्हणजे कायद्यानं दोन पेट्या केल्या. बातमीच्या पेटीत उमेदवार कितीही दिसला तरी चालेल, करमणुकीच्या पेटीत दिसला की हिशेब ठेवायचा. विचार चांगला होता. बातमीत उमेदवाराला कोणीतरी प्रश्न विचारणारं असतं, करमणुकीत नसतं, हे त्यामागचं गृहीतक. पण हिशेब कशाचा? सेकंदांचा. 'लाफ-इन'मधल्या निक्सन यांच्या बदल्यात हम्फ्री आणि वॉलेस यांना फार तर पाच-पाच सेकंद मागता आले असते. त्या पाच सेकंदांत ते करणार काय? त्यांना वेळ मिळाली असती, पण कोट्यवधी प्रेक्षकांनी आपणहून पाहिलेला, त्यांच्या आवडत्या विनोदात चपखल बसवलेला तो क्षण कसा मिळणार? पंगतीत एकाला पुरणपोळी वाढली आणि दुसऱ्याला तितक्याच वजनाची डाळ, तर वजन बरोबर भरेल, पण जेवण सारखं झालं असं कोणी म्हणणार नाही.

हे पुढेही असंच होत आलं. नोव्हेंबर २०१५मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांनी 'सॅटर्डे नाइट लाइव्ह'चं सूत्रसंचालन केलं, तेव्हा एनबीसीनं काही प्रतिस्पर्ध्यांना निवडक राज्यांतल्या केंद्रांवर बारा-बारा मिनिटं दिली. ती कोणाच्या लक्षात आहेत? २ नोव्हेंबर २०२४ला, मतदानाला तीन दिवस उरले असताना, कमला हॅरिस त्याच कार्यक्रमात आरशाच्या खेळात दिसल्या. आरशाच्या एका बाजूला त्या आणि दुसऱ्या बाजूला त्यांची नक्कल करणारी माया रुडॉल्फ. दीडएक मिनिटाचा प्रसंग. दुसऱ्या दिवशी वाहिनीनं ट्रम्प यांना मोटारशर्यतीच्या प्रक्षेपणात आणि फुटबॉल सामन्यानंतर वेळ दिली. त्यांनी कॅमेऱ्याकडे बघून थेट मत मागितलं. कायदा पाळला गेला. आणि आरशाचं ते दृश्य पुन्हा पाहिलं तर तिथेही पाणी पडलेलं नाही. आरशातली उमेदवारच नक्कल करणारीला धीर देते.

वादसभा नको, विनोद चालेल

आता याच निक्सन यांनी १९६८मध्ये काय नाकारलं ते बघू. त्या वर्षी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची एकही वादसभा झाली नाही. १९६०ची वादसभा होऊ शकली होती ती काँग्रेसनं समान संधीचं कलम तेवढ्यापुरतं बाजूला ठेवलं म्हणून. १९६८च्या ऑक्टोबरमध्ये तसंच विधेयक आलं तेव्हा रिपब्लिकन सदस्यांनी प्रतिनिधिगृहात रात्रभर वेळ काढला, आणि पुढे सेनेटमध्ये ते बारगळलं. हम्फ्री वादसभेसाठी हाका मारत राहिले. निक्सन आले नाहीत.

टीव्हीपासून ते पळत मात्र नव्हते. उलट रॉजर एल्स नावाचा अठ्ठावीस वर्षांचा निर्माता त्यांच्यासाठी शहराशहरांत कार्यक्रम घडवत होता. एल्स मूळचे माइक डग्लस यांच्या करमणुकीच्या कार्यक्रमाचे निर्माते. निक्सन तिथे पाहुणे म्हणून गेले असताना ओळख झाली. या कार्यक्रमांत निक्सन भाषणाच्या मेजाविना मध्यभागी उभे, भोवती निवडून बसवलेले नागरिक प्रश्न विचारणार, मागे पक्षानं बोलावलेले प्रेक्षक टाळ्या वाजवणार. वार्ताहरांना त्या स्टुडिओत जागा नव्हती. त्यांनी बाहेर पडद्यावर बघायचं.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की 'लाफ-इन'चे पाच सेकंद वेगळे दिसायला लागतात. तो निव्वळ गमतीचा प्रसंग राहत नाही. ज्यानं उलट प्रश्न येण्याची प्रत्येक जागा बंद केली होती, त्यानं निवडलेली ती एक सुरक्षित खिडकी होती. मला यात निक्सन यांचा दोष काढायचा नाही. उमेदवार आपल्या सोयीचं बघणारच. माझा आक्षेप आपल्या बघण्याला आहे. आपण म्हणतो, 'माणूस म्हणून कसा आहे ते कळलं.' काय कळलं? सहाव्या प्रयत्नात चार शब्द बरोबर म्हणता येतात, इतकंच.

आपल्याकडचा आंबा

ही कसोटी घेऊन आपल्याकडे आलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात. २४ एप्रिल २०१९. लोकसभेच्या तिसऱ्या टप्प्याचं मतदान आदल्या दिवशी झालेलं आणि मुंबईचं पाच दिवसांवर. त्या दिवशी अक्षय कुमार यांनी घेतलेली पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची मुलाखत दाखवली गेली. ती 'अराजकीय' आहे, हे आधीच सांगून ठेवलेलं. तिच्यात आंबा खाता का, असा प्रश्न होता. तामिळनाडूची विधानसभा निवडणूक तोंडावर असताना, जानेवारी २०२१मध्ये, राहुल गांधी तिथल्या लोकप्रिय 'व्हिलेज कुकिंग चॅनल'वर गावकऱ्यांबरोबर मशरूम बिर्याणीचा रायता कालवताना दिसले. पक्ष वेगळे, माणसं वेगळी, युक्ती तीच. यात कोणी खोटं बोललं असं मी म्हणत नाही. आंबा आवडत असेल, रायता चांगला झाला असेल. पण 'अराजकीय' हा शब्द मतदानाच्या टप्प्यांमध्ये जेव्हा वापरला जातो, तेव्हा तोच त्या आठवड्यातला सर्वांत राजकीय शब्द असतो.

मराठी वाहिन्यांवरही पुढाऱ्यांसाठी सोफा मांडलेला असतो. २०२२मध्ये झी मराठीवर 'बस बाई बस' सुरू झालं ते सुप्रिया सुळे यांना घेऊन. सूत्रसंचालक सुबोध भावे, समोर बायकाच बायका. २०२३मध्ये 'खुपते तिथे गुप्ते'चं नवं पर्व राज ठाकरे यांच्यापासून सुरू झालं, आणि मुख्यमंत्री असताना एकनाथ शिंदेही तिथे येऊन गेले. तेव्हा आचारसंहिता नव्हती, पण मुंबईसह राज्यातल्या कितीतरी महापालिकांच्या निवडणुका रखडलेल्या होत्या. कार्यक्रमाच्या नावातच 'खुपते' असलं की एक अपेक्षा तयार होते. काही प्रश्न टोचणारे होतेही, ते मान्य करायला हवं. तरीही टोचून झाल्यावर गाणं, जुने फोटो, घरच्यांचा निरोप आणि डोळ्यांत पाणी हा क्रम चुकत नाही. डोळ्यांतलं पाणी दिसतं, बादलीतलं येत नाही.

उलट दिशेचा प्रवासही आपण पाहिला आहे. आदेश बांदेकर म्हणजे घरोघरच्या वहिनींचे लाडके भावोजी. २००४पासून 'होम मिनिस्टर'मधून पैठणी घेऊन ते दारात उभे राहत होते. २००९ला शिवसेनेनं त्यांना माहीममधून विधानसभेला उभं केलं. पडद्यावरची इतकी माया पदरी असताना ते हरले, मनसेचे नितीन सरदेसाई निवडून आले. म्हणून मी 'टीव्ही जिंकवतो' असं सरसकट म्हणायला तयार नाही. पैठणी हातात घेताना माणूस जो विचार करतो, तो मतदान केंद्रावर तसाच करेल असं नाही.

आपला कायदा या बाबतीत चमत्कारिक जागी उभा आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं १२६वं कलम मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर निवडणुकीचा मजकूर दाखवायला मनाई करतं, आणि संगीताचा जलसा, नाटक किंवा इतर करमणुकीतून लोकांना ओढून प्रचार करायलाही. म्हणजे करमणूक हे प्रचाराचं वाहन होऊ शकतं, हे आपल्या कायदेकर्त्यांना ठाऊक होतं. दूरदर्शन आणि आकाशवाणीवर मान्यताप्राप्त पक्षांना वेळ वाटून देण्याची पद्धतही आहे. पण खासगी वाहिनीनं एका उमेदवाराला तासभर सोफ्यावर बसवलं, तर दुसऱ्यानं जाऊन माझाही तास द्या म्हणावं, असं अमेरिकेसारखं साधं दार नाही. २०१९च्या एप्रिलमध्ये काही हिंदी मालिकांच्या पात्रांच्या तोंडी सरकारी योजनांची स्तुती आली. काँग्रेसनं तक्रार केली तेव्हा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी नोटिसा काढल्या. ते योग्यच झालं. तिथे पात्राच्या तोंडी योजना होती म्हणून पकडता आली. आंबा कोणत्या नियमात पकडणार?

पाच सेकंदांनी निवडणूक जिंकली का?

श्लॅटर पुढे सांगत, की निक्सन यांनी विजयाचं श्रेय 'लाफ-इन'ला दिलं आणि हम्फ्री यांनाही नकाराचा पस्तावा झाला. निर्मात्याला आपल्या कार्यक्रमाचं वजन मोठं वाटणं स्वाभाविक आहे. हा दावा इतक्यांदा सांगितला गेला की तो आता सिद्ध झाल्यासारखा वावरतो.

आकडे मात्र त्याला साथ देत नाहीत. ५ नोव्हेंबरच्या मतदानात निक्सन यांना ४३.४ टक्के, हम्फ्री यांना ४२.७ टक्के मतं मिळाली. सव्वासात कोटींहून अधिक मतांत फरक पाच लाखांच्या थोडा वर. इतक्या निसटत्या निकालात कोणतीही एक गोष्ट निर्णायक ठरली असं म्हणता येतं, आणि म्हणूनच कोणत्याही एका गोष्टीवर बोट ठेवणं चूक आहे. शिवाय दिशा बघा. सप्टेंबरअखेरच्या गॅलप जनमत चाचणीत निक्सन सुमारे पंधरा टक्क्यांनी पुढे होते. ही आघाडी 'लाफ-इन'नं मिळवून दिलेली नव्हती, शिकागोतल्या लाठ्यांनी आणि व्हिएतनामनं दिली होती. आणि त्यानंतरच्या पाच आठवड्यांत ती वाढली नाही, वितळत गेली. ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवशी जॉन्सन यांनी बाँबफेक थांबवल्याचं जाहीर केलं, त्याचाही त्यात वाटा होता.

वितळायला सुरुवात कुठे झाली, ते मला या प्रकरणात सर्वांत जास्त भिडतं. ३० सप्टेंबर, सॉल्ट लेक सिटी. 'लाफ-इन'च्या त्या भागाला बरोबर दोन आठवडे झाले होते. हम्फ्री यांच्या प्रचाराची तिजोरी रिकामी होती, तरी त्यांच्या लोकांनी सुमारे एक लाख डॉलर जमवून अर्ध्या तासाची देशभरची वेळ विकत घेतली. वाहिनी तीच, एनबीसी. त्यांच्या भाषणाच्या मेजावर नेहमी उपराष्ट्राध्यक्षपदाचं बोधचिन्ह असायचं. त्या दिवशी ते काढून ठेवलं होतं, म्हणजे हा माणूस जॉन्सन यांच्या वतीनं नाही, स्वतःच्या वतीनं बोलतोय हे दिसावं. आणि मग ते बोलले. निवडून आलो तर शांततेसाठी जोखीम म्हणून उत्तर व्हिएतनामवरची बाँबफेक थांबवीन, हे सांगितलं. अटी सांगितल्या. जॉन्सन चिडले. सभांमध्ये हम्फ्री यांना हुर्यो करणारे तरुण त्यानंतर शांत होऊ लागले, देणग्यांची पाकिटं येऊ लागली आणि चाचण्यांतलं अंतर कमी होत गेलं.

पाणी इथे पडलं होतं. स्वतःच्या राष्ट्राध्यक्षाचा राग ओढवून घेणं, पक्षातल्या अर्ध्या लोकांना दुखावणं, आणि इतकं करूनही अखेर हरणं, हे सगळं त्या अर्ध्या तासात हम्फ्री यांनी अंगावर घेतलं.

'सॉक इट टू मी' आज कुणालाही चुटकीसरशी सापडतं आणि लाखो लोकांनी पाहिलेलं आहे. सॉल्ट लेक सिटीचं भाषण ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या बहुतेकांनी ते वाचलं आहे, पाहिलेलं नाही.